दाजींची बोट आणि माझं एक ‘नाही’

दाजी, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गावातल्या सात-आठ जणांनी भाषणं केली आणि सगळे तुमच्याविषयी चांगलंच बोलले. मला ते ऐकवेना. एकजण तर म्हणाला, आबारावांचा आवाज कधी चढला नाही. हा गृहस्थ चुकून दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमाला तर आला नाही ना, म्हणून मी मान वळवून बघितलं. तुमचा आवाज चढायचा नाही, कारण तो कधी उतरायचाच नाही. धरणाच्या अलीकडच्या काठावरून तुम्ही पलीकडच्या गड्याला हाक मारली की मधल्या पाण्यावरचे बगळे उठायचे. गडी मात्र बसलेलाच असायचा.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मीही उठलो, ‘दाजी म्हणजे शिस्त’ एवढं म्हणालो आणि खाली बसलो. मला खरं तर भांडायचं होतं. अजून भांडायचंच आहे. भांडण अर्ध्यात टाकून उठणारे तुम्ही नव्हतात. माझ्याशी भांडायला तुम्ही एकदा लोह्याहून उदगीरला आला होतात, दोन गाड्या बदलून. मग या वेळी काय झालं? बुधवारी सकाळी छातीत दुखतंय म्हणून आपल्या पायांनी दवाखान्यात गेलात, डॉक्टरला ‘जरा लवकर करा, हरभऱ्याला पाणी द्यायचंय’ म्हणालात, आणि दुपारी ताईचा फोन आला. ती फक्त ‘ये’ म्हणाली. तुम्ही असं चालू वादातून न सांगता निघून गेल्याचा मला राग आहे. आणि तो तुमच्यासमोर काढायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, याचा जास्त.

माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे म्हणून तुम्हाला माझी थट्टा करायचा हक्क होता, हे कबूल. पण हक्क म्हणून माणूस किती वापरील! मी उदगीरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, हे तुम्ही पाहुण्यांना कसं सांगायचात? ‘आमचे साळेसाहेब लई शिकलेले हायत. पोरांच्या नळ्या धुत्यात. म्हंजी भांडीच घासत्यात, पण इंग्लिशमधी.’ पाहुणे हसायचे. मीही हसायचो, कारण ताई माझ्याकडं बघत असायची. माझ्या घरी आलात की चपला काढायच्या आधी फ्रीज उघडायचात आणि ‘एवढ्या मोठ्या डब्यात एवढंच?’ म्हणायचात. मी घेतलेली स्कूटर तुम्हाला म्हशीसारखी वाटायची, मी पसंत केलेली फरशी सरकारी दवाखान्यासारखी. सत्तावीस वर्षांत माझी एक गोष्ट तुम्हाला पटली असेल तर शपथ. तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता. ते तसंच राहायला हवं होतं. ज्या एका वेळी संशय घ्यायचा, नेमक्या त्या वेळी तुम्ही विश्वास ठेवलात आणि मला कायमचं अडकवून ठेवलंत.

मी बोटीबद्दल बोलतोय.

धरण झालं तेव्हा तुमचं गाव उठवून अलीकडं बसवलं आणि रान पलीकडं राहिलं. सडकेनं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. नाहीतर मासे धरणाऱ्यांचा थर्माकोलचा तराफा, हातातल्या ताटानं वल्हवत न्यायचा. ताई त्यावर जीव मुठीत धरून बसायची. एका हिवाळ्यात तराफा कलला आणि ती पाण्यात पडली. काठ जवळ होता म्हणून वाचली. त्या दिवशी तुम्ही मला फोन केलात आणि पहिल्यांदाच हळू बोललात. ‘साळेसाहेब, मोटरबोट मिळंल का कुठं? जुनी चालंल. पण तिला त्या थर्माकोलवर आता बसवणार न्हाई मी.’

जुनी बोट मीच शोधली, हे विसरू नका. धर्माबादला मोंढ्यासमोर, धान्याच्या बाजारापुढं, नरसिमलूचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. एका मासेमारीच्या ठेकेदारानं धंदा बंद केला आणि त्याची फायबरची बोट, मागं लावायच्या इंजिनासकट, नरसिमलूकडं आली होती. आपल्या ऐपतीतली बोट म्हणजे तीच. आपण दोघं बघायला गेलो आणि तुम्ही मोंढ्यासमोर काय तमाशा केलात! बैल घ्यायला आल्यासारखी बोटीला प्रदक्षिणा घातलीत. पोटावर थाप मारून आवाज ऐकलात. खाली वाकून बुडाशी नजर लावलीत आणि जाहीर केलंत, ‘तोंड बसकं हाय, पण पाठीचा कणा सरळ हाय.’ मग खांद्यावरचा टॉवेल काढून नरसिमलूच्या हातावर टाकलात आणि त्याच्याखाली त्याची बोटं दाबायला लागलात. जनावरांच्या बाजारात भाव असा करतात हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. तो माझ्याकडं बघून म्हणाला, ‘सर, हे काय करून राहिले? माझा हात का धरला?’

‘भाव सांगतायत,’ मी म्हणालो.

‘मग तोंडानं सांगा की अन्ना! तोंड तर लई मोठं आहे तुमचं.’

तुम्ही दोघंही असे हसलात की बाजूचे हमाल बघायला आले. सौदा टॉवेलखालीच झाला. बोट केवढ्याला पडली हे तुम्ही शेवटपर्यंत मला सांगितलं नाहीत, ताईलाही नाही. तासाभरात तुम्ही नरसिमलूला ‘दोस्त’ म्हणायला लागलात. सत्तावीस वर्षांत मला कधी म्हणाला नाहीत.

आता नीट ऐका. बोट टेम्पोवर चढवली. तुम्ही टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला दोरी आवळत होतात. नरसिमलूनं मला इंजिनापाशी बोलावलं, कारण त्याच्या मते मी सायन्सवाला. तो म्हणाला, ‘सर, हे इंजिन ज्या पाण्यात उभं असतं तेच पाणी पिऊन थंड राहतं. आत रबराची चकरी आहे, ती पाणी ओढते. चालू केल्यावर मागून बारीक धार पडली की समजायचं ठीक आहे. पाण्याबाहेर चालू करायचं नाही. एक मिनिट पण नाही.’ मी मान हलवली. प्राचार्य बोलत असताना हलवतो तशी.

नायगावच्या अलीकडं धाब्यावर थांबलो. वाटेत पाहुण्यांचं घर आलं आणि तुम्ही तोंड दाखवल्याशिवाय पुढं गेलात असं कधी झालं नाही. तुम्ही एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर मागं बसलात आणि जाताना हाताचं बोट माझ्याकडं रोखून म्हणालात, ‘साळेसाहेब, बोटीपाशी बसा. हात लावू नका.’

हे ‘हात लावू नका’ मला लागलं. बोट शोधली मी, सौदा जुळवला मी, आणि राखणदारासारखा बसायचं मी! तेवढ्यात सडकेवरचे लोक जमले. नायगावच्या सडकेवर बोट म्हणजे हत्ती आल्यासारखंच. कुणी विचारलं, चालती का? मी टेम्पोवर चढलो आणि दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला गरजलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आयुष्यात मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, दाजी. मी वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. एकाच्या हातात मोबाईल देऊन स्वतःचा व्हिडिओ काढून घेतला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘पाण्याबिगर चालतंय व्हय हे? आमची हिरीवरची मोटर कोरडी चालली की जळती.’

मी म्हणालो, ‘काका, हे परदेशी इंजिन आहे.’

मी चालवत राहिलो. जळक्या रबराचा वास यायला लागला, तेव्हा मला वाटलं बाजूला कुणीतरी टायर पेटवलाय. तुम्ही लांबून येताना दिसलात आणि मी घाईनं बंद केलं. टेम्पोवाला जेवत होता, तो काही बोलला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी गावात बोट पाण्यात उतरवली. नारळ फोडावा म्हणून शेजारच्या आळीतले लोक नारळ घेऊन आले, तुम्ही फोडू दिला नाहीत. सगळ्यांना हात जोडायला लावून त्रिशरण-पंचशील घेतलंत, आणि नारळाची घरी चटणी करायला सांगितलीत. ताई पांढरी साडी नेसली होती. ती बोटीत मधे बसली, मांडीवर बियाण्याची पिशवी. तुम्ही मागं इंजिनावर, मी पुढं. काठावर सगळं गाव. बोट निघाली, ताईनं बोटीची कड सोडून पाण्यात हात घातला आणि मागं वळून तुमच्याकडं बघून हसली. तेवढं मी बघितलं. अर्ध्या पाण्यात गेल्यावर इंजिनातून वाफ आली, शिटी वाजावी तसा आवाज झाला, आणि सगळं बंद.

वल्हं आपण घेतलंच नव्हतं. मोटरबोटीला वल्हं कशाला, हेही मीच म्हणालो होतो. तुम्ही फावड्यानं पाणी मारत बोट काठाला आणली, आणि काठावरचे लोक, ज्यांनी निघताना टाळ्या वाजवल्या होत्या तेच, आता सूचना देत होते. ताईनं बियाण्याची पिशवी छातीशी धरली होती. तुमची मान खाली गेलेली मी त्या दिवशी एकदाच बघितली. काठावर उतरल्यावर तुम्ही म्हणालात, ‘दोस्त म्हणून बोट दिली अन् फसवलं भाडखाऊनं.’

तेव्हा बोलायचं होतं. मला कळतं. पण तुमचा चेहरा बघून मी बोटीची दोरी दगडाला बांधत बसलो.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. ते तुम्ही शंभर वेळा सांगितलंत, पण अर्धवट. मी पूर्ण सांगतो. धर्माबादला मोंढ्यासमोर, भर बाजारवेळी, टेम्पोवरूनच तुम्ही ओरडायला सुरुवात केलीत. चोर म्हणालात, डाकू म्हणालात, गरिबाची इज्जत पाण्यात घालवली म्हणालात. माणसं गोळा झाली. नरसिमलू टेम्पोवर चढला, इंजिनाचा खालचा भाग खोलला आणि चकरी काढून तळहातावर धरली. तिची पाती वितळून एकमेकांना चिकटली होती. तो म्हणाला, ‘अन्ना, ही पाण्यात नाही जळत. कुणीतरी कोरडं चालवलं.’

‘माझ्या घरी कुणी चालवलं न्हाई!’ तुम्ही ओरडलात. खरंच होतं ते. घरी नव्हतंच चालवलं.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. ‘सर, तुम्हाला सांगितलं होतं ना मी? पाण्याबाहेर चालू करू नका म्हणून?’

सगळा मोंढा माझ्याकडं बघत होता. तुम्हीही. तुमच्या डोळ्यांत तेव्हा संशय असता तर मी बोललो असतो, दाजी, आईशपथ. तुमच्या डोळ्यांत संशय नव्हता. तुम्ही माझ्याकडं असं बघत होतात, की आता माझा माणूस बोलणार.

मी म्हणालो, ‘नाही.’

नरसिमलूनं जळकी चकरी खिशात टाकली. मग खाली उतरला, दुकानातून नवी चकरी आणली, बसवली, इंजिन एका टाकीतल्या पाण्यात बुडवून धार दाखवली, आणि काही न मागता म्हणाला, ‘घेऊन जा.’ तुम्ही घेऊन आलात. आणि त्या दिवसापासून तुमची गोष्ट सुरू झाली. ‘आमच्या साळेसाहेबानं भर मोंढ्यात चोराला तोंडावर पाडलं. एक शब्द बोलला, पण कसा बोलला!’ लग्नात, बाजारात, जेवताना, तुम्ही माझं कौतुक करत राहिलात. लोह्याच्या लोकांना सांगितलंत, धर्माबादच्या त्या माणसाकडं मोटारी नेऊ नका. लोकांनी नेल्या नाहीत. नळ्या धुणारा मी चार वर्षांत तुमचा वकील झालो. माझ्या अंगावर प्रत्येक वेळी काटा यायचा आणि तुम्हाला वाटायचं मी लाजतोय.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही आठ दिवस लातूरला दवाखान्यात खुर्चीवर झोपलात. मला उठवून बसवत होतात, भाकरी कुस्करून देत होतात, आणि चहा पातळ आहे म्हणून कँटीनवाल्याशी रोज भांडत होतात. एका दुपारी मी म्हणालो, ‘दाजी, बोटीबद्दल एक सांगायचंय.’ तुम्ही म्हणालात, ‘बोटीचं काय, मस्त चालली. तुमच्यामुळं चालली. झोपा आता.’ तुम्ही मला कधी वाक्य पुरं करू दिलंत? तुम्ही ऐकून घेणारे असता तर मी एवढा भित्रा राहिलो नसतो. हा आरोप खोटा आहे, मला माहीत आहे. तरी करतो. तुमच्यावर करायला मला आता एवढाच उरलाय.

बोट चांगलीच निघाली. ताई रोज रानात जाऊ लागली. बाळंतपणाची बाई असो, शाळेचे मास्तर असोत, तुम्ही सगळ्यांना पलीकडं सोडायचात आणि मधल्या पाण्यात पोचलं की माझी गोष्ट सांगायचात, कारण तिथून कुणाला उठून जाता येत नसे.

तुमच्या पुण्यानुमोदनालाही कुणीतरी तीच सांगितली. लोक हसले. ताईही, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, हसली. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. परवा मी धर्माबादला गेलो.

नरसिमलूचं दुकान आता अर्धं झालंय. अर्ध्यात मोबाईलवाला बसतो. तो स्टुलावर बसून मोटारीला तार गुंडाळत होता. मला बघून उठला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. धाबा, टाळ्या, वास, व्हिडिओ. व्हिडिओ मी त्याच दिवशी पुसून टाकला होता, तेही. दाजी गेले, तेही. तो तार गुंडाळत राहिला. संपल्यावर म्हणाला, ‘सर, हे मला कशाला सांगता? मला तर मालूमच होतं. ज्याला मालूम नव्हतं त्याला सांगायचं होतं.’

त्यानं तारेचं टोक कापलं.

‘किती भांडला माझ्यासंगं,’ तो म्हणाला. ‘पण माणूस चांगला. माझा हात धरून ठेवला होता टॉवेलखाली, अर्धा तास.’ मग त्यानं शटर खाली ओढलं. ‘चला. घरी कोण आहे त्यांचं?’

‘माझी बहीण.’

‘तिला सांगा. माझ्यासमोर सांगा. मी येतो.’

गाडीत तो माझ्या शेजारी बसला. ताई ओसरीवर बसली होती. मी ओळख करून दिली, ‘हे नरसिमलू. धर्माबादचे.’ ताईचा चेहरा आक्रसला. तुमची बायको आहे ती, चार वर्षं तुमचं ऐकलेली. म्हणाली, ‘आता कशाला आलाव? बोट न्यायला आलाव का?’

तेव्हा मी सांगितलं. पहिल्यापासून. मोंढ्यातल्या ‘नाही’पर्यंत. ताईनं मधे एकदाही तोडलं नाही, आणि त्यामुळं मला एकही शब्द गाळता आला नाही. माझं झाल्यावर ती उठली, आतून खुर्ची आणली आणि नरसिमलूपुढं ठेवली. ‘बसा भाऊ. चहा करते.’ मी दुसरी खुर्ची ओढायला गेलो तर म्हणाली, ‘तू उभा राहा.’

मी उभा राहिलो. बावन्न वर्षांचा माणूस, बहिणीच्या ओसरीवर.

तिनं चहा आणला. नरसिमलूला दिला. मला दिला नाही. म्हणाली, ‘मला चांगल्या चार ओळी लिहून दे म्हणले होते ना तुला ह्यांच्यावर? आता हेच लिही. गावातल्या सगळ्यांना वाटू आपण.’ मग पदरानं कप ठेवायची जागा पुसली आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं तोंड केलं. आदल्याच दिवशी लावलेला, हार ताजा.

‘अहो, ऐकलं का?’ ती तुम्हाला म्हणाली. ‘तुमचे साळेसाहेब काय म्हणत्यात बघा.’

आम्ही तिघंही फोटोकडं बघत राहिलो. नरसिमलूनं कप खाली ठेवला. बाहेर कुणीतरी पलीकडच्या काठाला हाक मारत होतं, पण आवाज पोचत नव्हता.

दाजी, आता तरी शिवी द्या.